मुंगीने नापास केलेलं दूध

माझ्या छातीला काहीही झालेलं नसताना मी ती एकदा डॉक्टरांकडून तपासून घेतली आहे, आणि मिळालेलं औषध इमानदारीने पिऊन संपवलंही आहे.

साल बासष्ट असेल. मी फुलसावंगीला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घरात माय, बायको शेवंता आणि आमची महिनाभराची पहिली लेक, सुजाता. सुजाताला भूक लागली की अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि शेवंताचा चेहरा उतरायचा. पोर अंगावर घेतली की ती ओठ दाताखाली धरायची आणि एका हाताने बाजेची कड आवळायची. पोरीने सोडल्यावरही आग थांबायची नाही.

"मिरची कांडून भरल्यावानी जळते," ती म्हणायची. "अन् मंग आतून कोनी सुया टोचून राह्यलं असं वाटते."

इकडे पोरीच्या जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे ठिपके आले होते. दूध साकळलं असेल म्हणून माय ते फडक्याने पुसायची, पण ते निघायचे नाहीत. मायचं निदान तयार होतं : नजर लागली. मी तिला आठवण करून दिली की आपण आता बौद्ध झालो, नजरबिजर सोडली.

"आपुन धर्म बदलला, बापू," माय म्हणाली. "लोकायचे डोये थोडेच बदलले?"

(मी पिशवी उचलून शाळेची वाट धरली.)

मी शाळेत गेल्यावर मायने नजर उतरवून पाहिली. गुण येईना, तेव्हा निदान बदललं : दूध नासलं! आता पोरीला वरचं दूध लावायचं. माय कुठूनशी एक बकरी घेऊन आली आणि तिने ती दारात बांधली. शेवंताने त्या बकरीकडे सवतीकडे पाहावं तसं पाहिलं.

"माह्या पोरीले मीच पाजीन," ती म्हणाली. "दुखलं तं दुखलं."

पण पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि असं फार दिवस निभणार नाही हे तिलाही कळत होतं. मला ते बघवेना. म्हणून बाजाराच्या दिवशी मी सायकल काढली आणि ढाणकीच्या डॉक्टरांकडे गेलो. काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, ते रस्ताभर घोकत होतो. पोचलो तर दवाखान्यातल्या बाकावर सगळी ओळखीची माणसं! घोकलेलं सगळं जागच्या जागी विरलं.

"काय होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"इथं दुखते," मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हळूच म्हणालो. ('बायकोला' हा शब्द यानंतर येणार होता. तो घशातच बसला.)

"कधी दुखते?"

"भूक लागली का." (सुजाताला.)

"अन् पोट भरल्यावर?"

"तरी जळत राह्यते. मिरचीवानी."

डॉक्टर म्हणाले, "शर्ट काढा." आता मात्र खुलासा करायला हवा होता. मी शर्ट काढला! डॉक्टरांनी नळी लावली, मला खोकायला लावलं, पाठीवर टकटक केली आणि पित्त झाल्याचं सांगून गुलाबी औषधाची बाटली दिली.

घरी शेवंता वाटच पाहत होती. "काय म्हने डॉक्टर?"

"तिखट बंद करा म्हने."

"माह्यं?"

"नाही. माह्यं."

तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग प्या," ती म्हणाली. मी प्यायलो. (गुणही आला, खोटं कशाला सांगू!)

आता मायने सूत्रं हातात घेतली. जुन्या बायका अंगावरचं दूध मुंगीकडून पारखून घ्यायच्या. वाटीत थोडं दूध काढायचं, त्यात मुंगी सोडायची. मुंगी वाचली तर दूध चांगलं, मेली तर नासकं. मायने अंगणातली एक धडधाकट मुंगी निवडली आणि वाटीत सोडली. मुंगी पाय झाडत थोडी फिरली आणि गार झाली.

"पाह्य," माय म्हणाली.

"आत्याबाई," शेवंता सासूला म्हणाली, "थे दुधानं नाही मेली. बुडून मेली."

माझ्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. मी दुसऱ्या वाटीत माठातलं पाणी घेतलं, त्यात तेवढीच धडधाकट मुंगी सोडली आणि सगळ्यांना बघायला लावलं. तीही मेली. मी विजयाने मायकडे पाहिलं.

"म्हंजे पानीबी नासलं," माय म्हणाली, आणि तिने दोन्ही माठ मोरीत ओतून दिले. विहिरीवरून पाणी मलाच आणावं लागलं.

मी घागर घेऊन परत आलो तर शेवंता लुगडं नेसून तयार उभी. "पुसदच्या दवाखान्यात बाई डॉक्टर हाय म्हंते. आपुन जाऊ. तुमी फक्त तिकीट काढा. बोलीन मी."

आणि ती बोलली. मायही सोबत आली होती, ती नातीला घेऊन आत गेली. मी अर्धवट उघड्या दाराबाहेर उभा होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं, थोडं दिसतही होतं. कुठे जळतं, कसं टोचतं, पोरीच्या तोंडात काय आलं, सगळं तिने सरळ सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आधी सुजाताचं तोंड उघडून पाहिलं, मग शेवंताला तपासलं.

"बुरशी आहे ही. शिळ्या भाकरीवर येते तशीच. हिच्या तोंडातून तुम्हाला, तुमच्याकडून हिला. दोघींना एकदमच औषध लावायचं, नाहीतर अशीच फिरत राहील. कपडे उकळून उन्हात वाळवा."

"अन् दूध?" शेवंताने विचारलं.

"दुधाला काय झालंय? पाजत राहा."

शेवंताने वळून मायकडे पाहिलं. माय खिडकीबाहेर बघायला लागली. मुंगीने नापास केलेलं दूध पुसदला पहिल्या नंबराने पास झालं होतं.

औषध होतं जांभळं. (आता म्हणे डॉक्टर दुसरी औषधं देतात, आमच्या नशिबी तेच होतं.) कापसाचा बोळा बुडवून लावायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी सुजाताने फुर्रकन थुंकी उडवली आणि गोधडी, माझा सदरा, मायचं पांढरं लुगडं सगळं जांभळं झालं. मायने नातीचा पापा घेतला आणि तशीच जांभळ्या ओठांनी विहिरीवर गेली, तर बायका तिच्यापासून लांब सरकल्या. निवडणूक नुकतीच झाली होती. हेडमास्तरांनी माझे हात पाहिले आणि विचारलं, "मास्तर, दाही बोटांनी मतदान केलं काय?"

असे काही दिवस गेले. एका सकाळी शेवंताने पोर अंगावर घेतली आणि सवयीने बाजेची कड धरली. मग हळूहळू तिची मूठ सुटली.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"नाही दुखून राह्यलं," ती म्हणाली. तिचाच विश्वास बसत नव्हता. मग ती हसायला लागली, आणि हसताहसता रडायला लागली. सुजाता निवांत पीत होती. माय दारात आली, तिने नातीला पिताना पाहिलं आणि बकरी सोडून घेऊन गेली.

मला आनंद इतका झाला की मी अंगणात धावलो. रस्त्याने हेडमास्तर चालले होते, मागे चौथीची निम्मी पोरं होती. मी दोन्ही जांभळे हात वर करून ओरडलो, "सर, बायकोच्या छातीची बुरशी गेली!"

आतून शेवंताचा आवाज आला, "अवो, आता दवंडी कायले देता?"

तेव्हापासून आमच्या घरातलं कुठलंही दुखणं बाहेर सांगायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. दुखणारा दात माझा असतो, पण डॉक्टरांपुढे तोंड तीच उघडते.