रविवारची दहा मिनिटं

चेनवाल्या काकूंच्या खिडकीला चिकटून गेली अकरा वर्षं एक गाडी उभी होती. गाडी कसली, चाकांवरची खोलीच ती. आत दोन बिछाने, शेगडी, एवढंसं बेसिन आणि फुलाफुलांचे पडदे, तेही काकूंनीच शिवलेले. तिच्यामुळे समोरच्या खोलीत उजेड म्हणून यायचा नाही. भर दुपारी दिवा लावून काकू मशीनवर बसायच्या.

काकूंचं काम चेन बदलायचं. जॅकेटच्या, पर्सच्या, पण जास्त करून प्रवासी बॅगांच्या. माणसं ऐन वेळी धावत यायची, संध्याकाळी निघायचंय म्हणून गयावया करायची. काकू रनर काढायच्या, नवी चेन बसवायच्या आणि बॅग दोनदा उघडमीट करून मालकाच्या हाती द्यायच्या. कुठकुठल्या विमानतळांच्या चिठ्ठ्या त्यांच्या मांडीवरून जाऊन आल्या होत्या. त्या स्वतः कुठे गेल्या म्हणाल, तर कोपऱ्यावरच्या दोऱ्याच्या दुकानापर्यंत, तेही धावतपळत. कारण आतल्या खोलीत सासूबाई होत्या.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याऐंशी. कंबर गेलेली, डोकं मात्र तल्लख. उशाशी पेला आणि चमचा. एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की कूस बदलायची आणि तीनदा वाजला की बाहेर कोण आलंय ते जाऊन सांगायचं. दिवसभरात तीनदाच जास्त वाजायचा.

गाडी नवरा-बायकोने मिळून हौसेने घेतली होती. काका पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचे. निवृत्त झाले की निघायचं, समुद्राच्या कडेकडेने जायचं, वाटेल तिथे थांबायचं, असं ठरलं होतं. मग मुलीचं बाळंतपण आलं. ते निस्तरतंय तोवर सासूबाई न्हाणीघरात पडल्या. पुढे 'यंदा नको' असं म्हणायचीही गरज उरली नाही.

पण गाडीची आबाळ झाली असं कुणी म्हणू नये. दर रविवारी सकाळी काका किल्ली घेऊन चालकाच्या सीटवर बसत. काकू दोन कप चहा घेऊन शेजारी. इंजिन सुरू व्हायचं, कप थरथरायचे, आणि समोरच्या काचेतून दोघं कुंपणाच्या भिंतीकडे बघत चहा प्यायचे. घड्याळाच्या काट्यावर दहा मिनिटं झाली की काका किल्ली फिरवत आणि म्हणत, "चला." चला म्हणजे घरात चला. काका तापाने फणफणले होते त्या रविवारीसुद्धा यात खंड पडला नाही.

आणि एका रविवारी इंजिन आतून खडखडलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं ते पडलंच.

मेकॅनिक आला. अबोल माणूस, हात स्वच्छ पुसल्याशिवाय बोलायचा नाही आणि बोलला की ठाम. तेलाचं झाकण उघडून त्याने आतून बोट फिरवलं. बोटाला दुधाळ, चिकट गाळ आला. इंजिन खोलून बघितलं तर आत गंज, बेअरिंग गेलेली. गाडी किती चालते, असं त्याने विचारलं. काकांनी छाती पुढे काढून रविवारची हकीकत सांगितली. अकरा वर्षांत एकही चुकलेला नाही.

मेकॅनिकने पुन्हा हात पुसले. "काका, त्यानेच गेलं इंजिन," तो म्हणाला. "दहा मिनिटांत ते नीट तापतच नाही. आत पाणी धरतं, ते वाळायच्या आत तुम्ही बंद करता. रस्त्यावर काढलं असतंत तर अजून वीस वर्षं मेलं नसतं."

काकांचा चेहरा पार उतरला. इंजिन नव्याने बांधून मिळेल, मेकॅनिक सांगत होता. दीड महिना लागेल. पण त्यानंतर पहिले हजार किलोमीटर गाडी रस्त्यावर पळली पाहिजे, मग तेल बदलायला परत आणायची. पुन्हा अंगणातच उभी करणार असाल तर या फंदात पडू नका, मी भंगारवाल्याला सांगतो, तो घेऊन जाईल. शुक्रवारी येतो, काय ते सांगा.

दोन दिवस काका गाडीकडे फिरकले नाहीत. काकूंना त्यांची कीव आली. माणसाने जीव लावावा आणि लावला म्हणूनच गेलं असं ऐकावं, याहून वाईट काय असणार? तिसऱ्या दिवशी काका जरा हुशारले. म्हणाले, बांधूनच घेऊ. काकूंना एकदम आनंद झाला. पण काकांचं बोलणं संपलं नव्हतं. "आणि यापुढे दहाच्या ऐवजी वीस मिनिटं चालू ठेवत जाऊ," ते म्हणाले. "म्हणजे नीट तापेल."

काकूंच्या हातातला रनर खाली पडला. तो शोधायला त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

त्याच दुपारी त्यांनी नणंदेला फोन केला. अकरा वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं: आईंना महिनाभर ठेवून घ्याल का? नणंदबाई लगेच हो म्हणाल्या. वर म्हणाल्या, मी आपणहून नेलं असतं तर दादाला वाटलं असतं, बायकोने कुरकुर केली म्हणून नेलं, म्हणून आजवर गप्प बसले. सासूबाईंना सांगितलं तर त्या फटकन म्हणाल्या, मी कधी धरून ठेवलं होतं तुम्हाला? आणि तिच्याकडचा टीव्ही मोठा आहे.

झालं. अकरा वर्षं जी भिंत काकू बघत आल्या होत्या, ती एकाच दुपारी पडली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. कारण काका आता टायर जुने झाल्याचं बोलत होते. मग गुडघ्यांचं. मग आईला तिकडची हवा मानवेल का, याचं.

गुरुवारी काकूंनी मशीन थांबवलं आणि सरळ विचारलं, "अहो, तुम्हाला जायचंय की नाही?"

काकांनी खिडकीबाहेर गाडीच्या पत्र्याकडे बघितलं. "भीती वाटते गं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी त्याच गल्ल्या फिरलो. रविवारी तुझ्याबरोबर गाडीत बसलो की वाटायचं, जाऊन आलो. मला तेवढं पुरायचं."

काकूंना रडू फुटलं, आणि त्याहून जास्त राग आला. "मला पुरत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी अकरा वर्षं आईंवर चरफडले. मनातल्या मनात काय काय बोलले त्यांना. आणि अडकवून ठेवलं होतंत तुम्ही. मलाही दर रविवारी दहा मिनिटं चालू करायचात आणि बंद करायचात."

आतून चमचा तीनदा वाजला. त्या दिवशी कुणी उठलं नाही.

शुक्रवारी मेकॅनिक अंगणात येऊन उभा राहिला. काका घसा खाकरून टायरपासून सुरुवात करणार एवढ्यात काकू बाहेर आल्या.

"इंजिन बांधा," त्या म्हणाल्या.

"बांधतो. पण हजार किलोमीटर पळवणार कोण?" मेकॅनिकने काकांकडे बघून विचारलं.

"मी. दीड महिना आहे ना हातात? उद्यापासून गाडी शिकायला जातेय, नाव घालून आले." काकूंचा आवाज कापत होता. ज्या बाईने आजवर सायकलसुद्धा चालवली नव्हती तिचा कापणारच.

मेकॅनिकने मान डोलावली आणि कामाला लागला. काका किल्ली मुठीत धरून तिथेच उभे. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि मी काय करू?"

काकूंनी हात पुढे केला. काकांनी जरा वेळ लावला, पण किल्ली दिली.

"शेजारी बसा, चहा घेऊन," काकू म्हणाल्या. "ते काही शिकायला लागत नाही. अकरा वर्षं बघताय तुम्ही."