पेज जेवणात धरत नाहीत

होडीच्या तळाला पाणी कधी साचतं ते कुणालाच कळत नाही. भोक दिसत नाही, लाट आत आलेली नसते, तरी सकाळी उपसायला बसलं की बादली भरतेच. आमच्या सेंटरवरचे किस्से तसेच साचतात. माझं वजनही तसंच साचलं, त्यामुळे हे सगळे एकाच बादलीतले समजा.

आधी कोण कुठलं ते सांगते. मी पुण्याची, सत्तावीस वर्षांची, पाच वर्षं लॅपटॉपसमोर बसून कंटाळलेली. मे महिन्यात नोकरी सोडली आणि देवबागला आले, स्कूबाची गाईड व्हायला. सेंटर आबांचं. आबा आधी मासेमारी करायचे, आता टुरिस्टना समुद्राचा तळ दाखवतात. मी राहते त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत, आणि जेवते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या हातचं. चौथा बाबल. तो होडी चालवतो, मला शिकवतो आणि कमी बोलतो. पण जे बोलतो ते चार दिवस टोचत राहतं.

आबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. "पावसात दर्या बंद. तवसर खाडीत शिक. गणपती झाले की माझी परीक्षा. पास झालंस तर पाण्यात, नाय तर काउंटरवर बसान बुकिंग घे."

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "काउंटरवरच बसायचं असेल तर पुण्यात ये. इथं एसी तरी आहे."

म्हणजे मला पाण्यातच उतरायचं होतं, दुसरा पर्यायच नव्हता. आले तेव्हा अठ्ठावन्न किलो होते. डाएट सुरू, रोजचं पळणं सुरू, दोन तास पोहणं सुरू. जुलैत एकसष्ट. ऑगस्टमध्ये चौसष्ट. मी हादरले.

*

घरातल्या काट्यावर माझा विश्वासच बसेना. दमट हवेनं बिघडला असणार, असं मी ठरवून टाकलं. बाबल म्हणाला, "चल, खरो काटो दाखवतंय," आणि मला जेटीवरच्या मासळीच्या शेडमध्ये घेऊन गेला.

तिथं लिलावाचा मोठा काटा. बाजूला पाचसहा मासेवाल्या बायका बसलेल्या. मी चप्पल काढून, श्वास रोखून वर उभी राहिले. बाबलनं वीस वर्षं या काट्यावर माशांचं वजन पुकारलंय. त्यानं त्याच आवाजात पुकारलं, "पासष्ट. टोपलेचे दीड वजा. साडेत्रेसष्ट."

"बाबल, टोपली कुठंय?"

"सवय गो."

पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "बर्फ धरून काय बर्फ सोडून?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रस्ताभर डोक्यात एकच, टोपली वजा करूनसुद्धा साडेपाच किलो जास्तच आहेत.

*

मग मी पळणं वाढवलं. रोज सकाळी पाच किलोमीटर, घर ते संगमाचं टोक आणि परत.

अडचण अशी की आमच्याकडे कारणाशिवाय कुणी पळत नाही. पहिल्या दिवशी एक आजोबा काठी टेकत फाटकात आले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "कोण गेला गो?"

"कोणी नाही आजोबा. व्यायाम करतेय."

त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची सून वाटेत उभी. तिनं माझ्या हातात तवसं दिलं, म्हणजे ही एवढी मोठी काकडी, आणि म्हणाली, "काय आसा तां मनात ठेव नको. आमका सांग." ती काकडी काखेत धरून मी अडीच किलोमीटर पळत घरी आले.

तिसऱ्या दिवसापासून स्कूटरवाले थांबायला लागले. "बस मागे, सोडतंय." नाही म्हटलं तर वाईट वाटून घेतात. एकानं तर बाजूनं हळूहळू स्कूटर चालवली, मी दमेपर्यंत. मी दमलेच. बसले.

महिन्याच्या शेवटी हिशेब केला. रोज पाच किलोमीटरला निघत होते, त्यातले साडेतीन स्कूटरवर होत होते.

*

आता मुख्य मुद्दा, खाणं. मी काकींना आल्याआल्याच सांगितलं होतं की भात बंद. काकींनी मान हलवली. "बरा. तुका भात नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर मोठा वाडगा. उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, बाजूला खोबऱ्याची कातळी आणि आंब्याचं लोणचं.

"काकी, हा भातच आहे ना?"

"ही पेज."

"पेज भाताचीच असते."

काकींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू पुण्यात आम्हाला काहीच शिकवत नाहीत. "गो बाय, पेज आजारी माणसाक देतत. आजारी माणूस कधी जाडो झालेलो बघितलंस?"

मी चमचा उचलला. खरं सांगू, ती पेज फार चांगली लागते. पाऊस पडत असतो, गरम वाफ तोंडावर येते, लोणच्याची फोड विरघळते. मी वाडगा संपवला. डाएटच्या ॲपमध्ये पेज नव्हतीच, म्हणून मी 'सूप' लिहिलं.

हळूहळू मला या घराची मोजणी समजली. जेवण म्हणजे माशाच्या कढीबरोबर जे खाल्लं जातं तेवढंच. पेज जेवणात धरत नाहीत. घावणे धरत नाहीत, ते 'चायबरोबर'. सोलकढी धरत नाहीत, ती 'पाचक'. दुपारी चारला शेवखंडाची, म्हणजे गूळ लावलेल्या शेवेची पुडी उघडली तर ते 'असाच'. या मोजणीनं मी दिवसातून दोनदाच जेवत होते, तेही अर्धपोटी. काकी शेजारणीला माझ्याबद्दल काळजीनं सांगत होत्या, "चेडू कायच खाय नाय गो. तरी फुगता. काय झाला हा कोण जाणे."

*

स्कूबाच्या सूटची चेन जुलैच्या अखेरीस अडकली. जाड रबरासारखा सूट, अंगाला घट्टच बसायला हवा. चेन कमरेपर्यंत आली आणि थांबली. मी खोलीत उड्या मारल्या, पोट आत घेतलं, शेवटी रडायला लागले.

आबा बाहेरून म्हणाले, "सूट आटलो आसतलो. खारा पाणी."

रबर आटत नाही हे आबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण त्यांचा चेहरा गंभीर झाला होता, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. काउंटरवरची खुर्ची मला दिसायला लागली.

काकींनी सूट नेला. सकाळी परत दिला तेव्हा दोन्ही बाजूंना छत्रीचं काळं कापड जोडलेलं, सुंदर बारीक शिलाई. "चांगली छत्री होती, काडी मोडलेली," त्या म्हणाल्या.

चेन लागली. मी इतकी खूश झाले की काकींना मिठी मारली आणि थेट खाडीत उडी घेतली. वर आले तेव्हा छत्रीच्या दोन्ही पट्ट्यांत पाणी भरलेलं, कमरेला दोन कळश्या लटकाव्यात तशा. शिडी चढताच येईना.

बाबलनं होडीतून खाली बघितलं. "कावड घेवन इलंस काय?"

*

गणपतीतलं थोडक्यात सांगते, कारण आठवलं तरी घाम फुटतो. वाडीत चौदा घरं. मी प्रत्येक घरी जाऊन फक्त एकच मोदक खाल्ला.

*

त्यानंतर काटा सहासष्ट. आता मला खात्रीच झाली की शरीरात काहीतरी बिघडलंय. फोनवर शोधलं तर सगळी लक्षणं जुळत होती. केस गळतात, हो. थकवा येतो, हो. उगाच भीती वाटते, ती तर जन्मापासून. थायरॉईडच. आणि थायरॉईड निघाला तर पाण्यात उतरायची चिठ्ठी डॉक्टर देणार नाही, चिठ्ठीशिवाय आबा परीक्षा घेणार नाहीत, आणि पुण्यात एसी वाट बघतोय.

रक्त देऊन आले. रिपोर्ट दोन दिवसांनी. ते दोन दिवस मी आरशात गळा बघत होते. गळ्याला सूज येते असं वाचलं होतं. शेवटी न राहवून बाबलला विचारलं, "बाबल, खरं सांग. माझा गळा सुजलाय का?"

बाबलनं दोर सोडून नीट निरखून बघितलं. बराच वेळ.

"गळो खंय आसा?"

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वाचलं. "सगळं नॉर्मल आहे."

"मग वजन का वाढतंय?"

"खाता काय?"

मी ॲप दाखवलं. डॉक्टरांनी बोटानं वर सरकवत सरकवत बघितलं. "डाएट तर कडक आहे तुमचं. हे रोज दोन वाडगे सूप कसलं?"

"पेज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "राहता कुठं?"

मी आबांचं नाव सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले, तेव्हा टेबलामागून त्यांचं पोट पहिल्यांदा पूर्ण दिसलं. "मी नवीन होतो तेव्हा आठ महिने त्याच खोलीत राहिलो," ते म्हणाले. "येताना साठ किलोचा होतो."

"यावर उपाय?"

"खोली बदला." मग चिठ्ठीवर सही करत हळूच म्हणाले, "मला जमलं नव्हतं."

*

आणि आता परीक्षा.

आबांची परीक्षा एकच असते. पोहता न येणारा माणूस लाईफ जॅकेट घालून होडीतून खाडीच्या मध्यावर उतरवायचा. त्याला पाठीवर झोपवून, डोकं आपल्या पोटावर धरून, जेटीच्या पायऱ्यांपर्यंत आणायचं. त्याच्या तोंडाला पाणी लागलं की नापास. माझ्या आधीच्या गाईडला आबांनी त्याचाच सडपातळ भाचा दिला होता. माझ्यासाठी कोण, ते ठरायचं होतं.

आदल्या संध्याकाळी काकी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी जातंय."

आबांच्या हातातला घास थांबला. चाळीस वर्षं हा माणूस दर्यावर, आता तर गावोगावच्या लोकांना पाण्याखाली नेऊन आणतो, पण त्यांची बायको घोट्याच्या वर कधी भिजली नव्हती. दरवर्षी ते विचारायचे, दरवर्षी त्या नाही म्हणायच्या. "तू? माझ्याबरोबर कधी इलंस नाय ती?"

"तुमी पाण्यात गेलास काय माका इसरतास," काकी म्हणाल्या. "ह्या चेडू भियाळा. भियाळा माणूस हात सोडूचा नाय."

 काकींचं वजन विचारायची हिंमत कुणात नाही, पण सेंटरमधलं सगळ्यात मोठं जॅकेट त्यांना कसंबसं झालं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, डोक्यात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. होडीच्या कडेला बसून त्यांनी देवाचं नाव घेतलं, माझा दंड धरला आणि उतरल्या. नखं अशी रुतली की व्रण अजून आहेत.

मी त्यांचं डोकं पोटावर घेतलं आणि पाय मारायला लागले. जेटीवर आबा आणि अर्धी वाडी. काकींचे डोळे गच्च मिटलेले, ओठ पुटपुटतायत. मी मनात एकच म्हणत होते, तोंड नको भिजायला, तोंड नको भिजायला. भरतीचं पाणी उलट ओढत होतं. मध्यावर माझा श्वास तुटला, पायात गोळा आला, आणि वाटलं, झालं, संपलं, आता पुणे.

तेवढ्यात पुटपुटणं थांबलं. मी दचकून खाली बघितलं. काकींचे डोळे उघडे. डोकं माझ्या पोटावर उशीसारखं सैल टेकवून आभाळाकडे बघत होत्या.

"काकी, ठीक आहात ना?"

"बरी आसंय. तू सावकाश चल गो. घाई कसली?"

मी सावकाश गेले. पायऱ्यांना टेकले. आबा वाकले. त्यांनी आधी काकींच्या तोंडाला हात लावून बघितला, मग वळेसराला. दोन्ही कोरडे. ते उठले. आत गेले, गाईडांची पाटी बाहेर आणली आणि तिच्यावर खडूनं माझं नाव लिहिलं.

मला रडू आवरेना. "आबा, सीझन सुरू व्हायच्या आत चार किलो कमी करते. शब्द देते."

काकी पायरीवर बसून पदर पिळत होत्या. त्यांनी पिळणं थांबवलं.

"एक किलो जरी कमी केलंस तर मी परत पाण्यात उतरूचंय नाय," त्या म्हणाल्या, आणि आबांकडे वळल्या. "आणि तुमी, खडू हातात आसा तवसर उद्या सकाळच्या बुकिंगात माझा नाव लिवा."