यार्देनच्या शेवटच्या पायरीवर

“समदं बघून ये, पोरी. वाळवंट बघ, उंटावर बस, तुझ्या आईच्या देवाचा मुलूख डोळं भरून बघ. पण त्या नदीत उतरू नकू,” आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. मी निघायच्या आदल्या दिवशी ते एवढंच सांगायला पाचोडहून एस.टी.ने उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी आले होते. सोबत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. रिकाम्या हाताने कुणाला दम द्यायला जायची आमच्या घराण्यात रीत नाही.

“का नको?” मी विचारलं.

“एकदा आत गेली की मंग वर येणारी पोरगी दुसरीच आसंल. तिला म्या कुठून वळखू?”

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. वडील पेपर वाचत होते, म्हणजे पेपरच्या मागे लपले होते. आमच्या घरात नाजूक विषय निघाला की ते नेहमी तिथेच सापडतात.

वडील पाचोडच्या मराठा शेतकरी घरातले, आई शहरातल्या ख्रिस्ती घरातली. कॉलेजात जमलं, दोन्हीकडच्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी लग्न झालं. माझ्या जन्मानंतर दोन्ही बाजूंनी तह केला, की पोरीला कुणी काही करायचं नाही, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. म्हणून माझा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, झाला नाही. पोळ्याला मी पाचोडला बैलांना ओवाळायची आणि नाताळात चर्चमध्ये गीतं गायची. नवे कपडे दोन्हीकडून मिळायचे, तेव्हा लहानपणी माझी काही तक्रार नव्हती. पुढे मात्र “तुझं तू ठरव” या वाक्याचा मला राग यायला लागला. गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत बसावं, तसे सगळे माझ्याकडे बघत बसलेले असायचे.

आईला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. परधर्मात लग्न केलं म्हणून तिला चर्चमधून कुणी काढलं नव्हतं. पण लग्नानंतर ती कायम शेवटच्या बाकावर बसली. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे उठून पुढे जायचे, ती मांडीवर हात ठेवून तशीच बसायची. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं. मी बाप्तिस्मा घेतला असता तर माझ्या मागोमाग तीही उठून पुढे गेली असती. हे ती एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त माझ्या बॅगेत तळाशी, बाप्तिस्म्याला घालतात तसा, एक पांढरा सलवार-कमीज ठेवला, आणि वर चटणीची बरणी ठेवून तो झाकला.

ही चर्चच्या तरुण संघाची सहल होती, कॉलेजच्या सुट्टीत. क्रांती चौकातून ट्रॅव्हल्सने मुंबई, तिथून विमानाने इजिप्त, सिनाय आणि शेवटी जॉर्डन, जिथल्या यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला. यरुशलेमलाही जायचं ठरलं होतं, पण पलीकडे लढाई पेटलेली, म्हणून तेवढं गाळावं लागलं. वडील मला चौकात सोडायला आले होते. गाडी सुटताना ते खिडकीपाशी आले, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि म्हणाले, “चार्जर घेतलास ना?”

माझ्या खोलीत एक मावशी होत्या. सख्ख्या नव्हेत, आईच्या शाळेपासूनच्या मैत्रीण, निवृत्त नर्स. तरुण संघाच्या सहलीत त्या कशा, हा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. आईने त्यांच्या कानात काय सांगितलं होतं देव जाणे, पण रोज सकाळी दात घासताना त्या आरशातून माझ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, “काय मग, ठरलं का?” इंजेक्शन द्यायच्या आधी नर्स जशी गोड बोलते तसा तो आवाज होता.

तपासणीची नाकी लागायची. खाकी कपड्यातला बंदूकधारी बसमध्ये चढला की सगळी बस गप्प व्हायची, आणि मग मावशी चर्चच्या दारात म्हणावं तसं खणखणीत “सलाम!” म्हणायच्या. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच करतात. पाठोपाठ सगळी बस सलाम म्हणायची. शिपाई गोंधळून हसायचे. मला मात्र हसू येत नव्हतं. प्रत्येक नाकं मागे पडलं की नदी तेवढी जवळ येत होती.

यार्देनला जायच्या आदल्या दिवशी आम्ही नबो डोंगरावर गेलो. इजिप्तच्या गुलामीतून आपल्या लोकांना सोडवून आणणाऱ्या मोशेला देवाने वचनाचा देश इथूनच दाखवला आणि तू मात्र पलीकडे जाणार नाहीस असं सांगितलं, ते सहलीला सोबत आलेल्या आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावून दिलं. खाली धुक्यासारखी धूळ होती, त्यात नदीची हिरवट रेघ. सगळ्यांचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, मोशेचं बरं होतं, त्याला निदान स्पष्ट सांगितलं. उतरताना पाळकसाहेब माझ्या बाजूने चालायला लागले. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. “उद्याचं दडपण घेऊ नकोस, बाळ. जबरदस्तीचा बाप्तिस्मा म्हणजे नुसती आंघोळ,” ते म्हणाले. त्यांनी असं सांगितल्यावर तर दडपण वाढलंच. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी मावशींनी माझी बॅग उपसून पांढरा ड्रेस काढला. “नदीत उतर नाहीतर नको उतरू, पण घाल. फोटोत सगळे सारखे दिसतात.” मी घातला. भांडायला बळ नव्हतं, आणि आईने तो इस्त्री करून ठेवला होता.

नदीकडे जायची पाऊलवाट झावूच्या झुडपांमधून होती. ऊन असं की आपलं मराठवाड्याचं ऊन आठवून माया यावी. झुडपं संपली आणि लाकडी पायऱ्यांखाली यार्देन दिसली. माझ्या तोंडून निघून गेलं, “एवढीशी?” पाचोडच्या ओढ्याला पूर आला तर याहून रुंद होतो. मावशींनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

पण समोरचा काठ बघितला आणि दंड चोळायचंही राहून गेलं. दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर दुसरा देश होता. तिथल्या पायऱ्या रिकाम्या होत्या. वर छपराच्या सावलीत दोन सैनिक बंदुका घेऊन उभे होते. अलीकडे, आमच्या मागे वरच्या पायरीवर, या देशाचा एक सैनिक होता. दुरून कुठून तरी ढोल बडवल्यासारखा आवाज आला आणि तिघांनीही एकदमच मान वळवली. गाइड म्हणाला, लवकर आटपा, आज जास्त वेळ नाही.

पाळकसाहेब पांढरा झगा घालून कंबरभर पाण्यात उतरले. ज्यांचं ठरलेलं होतं ते एकेक करून गेले. डोकं पाण्याखाली, वर, टाळ्या, गीताचं एक कडवं. मी कडेला उभी होते. मावशींनी आईला व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता. पडद्यावर आई दिसत होती, डोक्यावर पदर घेतलेली, उपासनेला बसते तशी. चित्र अडखळत होतं.

माझ्याकडे एक काम होतं. आईला नदीचं पाणी हवं होतं. बाटली भरायची आणि वर यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. मी पायऱ्या उतरले. शेवटची पायरी पाण्याला टेकलेली होती आणि शेवाळली होती. माझा पाय सरकला. मी कठड्याला लोंबले, चप्पल पाण्यात गेली, समोरचा एक सैनिक दोन पावलं पुढे आला. पुढे जे झालं ते मी ठरवून केलं नाही. मी खाली बसले, ओंजळीत पाणी घेतलं आणि डोक्याला लावलं. पुन्हा घेतलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ते डोळ्यांना लावून डोक्यावर सोडलं, आणि डोळे मिटून ओठातल्या ओठात पुटपुटत राहिले.

हे आबांचं शिकवणं. लहानपणी पैठणला गोदावरीवर नेलं की ते मला हाताला धरून थांबवायचे. नवी नदी भेटली की आधी पाणी डोक्याला, तीनदा, मग पाय. पाय आधी लावला तर नदीला लाथ मारल्यासारखं होतं. ती सवय माझ्या हातात इतकी मुरली होती की सहलीत नाईललाही मी तसंच केलं होतं. तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

इथे सगळ्यांचं गेलं. पांढऱ्या कपड्यातली, अजून न ठरलेली पोरगी यार्देनच्या पायरीवर बसून तीनदा पाणी डोक्यावर घेते आहे आणि तिचे ओठ हलताहेत. मागे कुणीतरी “हालेलुया!” म्हटलं. गीत सुरू झालं. मी डोळे उघडले तर पाळकसाहेब समोर येऊन उभे होते, हात पुढे केलेला. मावशी रडत होत्या आणि फोन माझ्या तोंडासमोर धरत होत्या. फोनमध्ये आई दोन्ही हात तोंडावर दाबून रडत होती.

मला आठवतं, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. संताप आला. आबांवर, ज्यांनी उतरू नको म्हणता म्हणता माझ्या हाताला ही सवय लावली. आईवर, जिने ड्रेस चटणीखाली लपवला. पाळकसाहेबांचा हात धरणं अगदी सोपं होतं. एक पायरी, आणि आईची सगळी वर्षं भरून निघाली असती. पण मी ती पायरी उतरले असते ती एवढ्या लोकांची पंचाईत नको म्हणून, आणि असं देवाच्या दारात जाता येत नाही एवढं मला आईनेच शिकवलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. आवाज फारच मोठा निघाला. “मी नदीला नमस्कार केला फक्त. आमच्या पाचोडला करतात तसा.”

गीत मधेच तुटलं. पाळकसाहेबांनी हात खाली घेतला. “बरं, बाळ. जपून वर जा, शेवाळ आहे,” ते म्हणाले. त्यांनी मला बाटली भरून दिली आणि वाहत चाललेली चप्पलही पकडून दिली. फोनमध्ये आई हलत नव्हती. नेटवर्क गेलं होतं की ती खरंच तशी बसली होती कळायच्या आत कॉल बंद झाला.

“एवढ्या लांब येऊन देवाच्या दारातून पाय मागं घेतला गं,” मावशी बसमध्ये म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी मला काहीच विचारलं नाही. सकाळी आरशातही बघितलं नाही. आईचे रोज मेसेज यायचे, “जेवलीस का?” मी लिहायची, “हो.” परतेपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.

घरी आल्यावर तिने बॅग उघडली. पांढऱ्या ड्रेसच्या काठाला चिखल होता, बाकी तो स्वच्छच होता. ती तो साबण लावून घासत राहिली, चिखल निघाल्यावरही. मी मोरीच्या दारात उभी राहिले. मान वर न करता ती म्हणाली, “आबांनी शिकवलेलं बरं लक्षात राहिलं तुझ्या.”

दुसऱ्या दिवशी आबा आले. शेंगांची पिशवी होतीच. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “उतरली का?”

“नाही उतरली,” आईच बोलली. “तुमचं ऐकलं तिनं.”

“मी कुणाचंही ऐकलं नाही,” मी म्हणाले, आणि मग जे बसमध्ये, विमानात, मोरीच्या दारात सांगता आलं नव्हतं ते सांगितलं. “हात आबांचं करत होते ते खरं. पण पाय सरकला, जीव घाबरला, तेव्हा तोंडात काय होतं माहितीये? प्रभूची प्रार्थना. आई, तू मला झोपवताना म्हणून घ्यायचीस ती. सबंध. कुणी विचारलंच नाही मला, मी काय पुटपुटत होते ते.”

आई माझ्याकडे बघत राहिली. वडिलांनी पेपर खाली ठेवला, हेही लिहून ठेवण्यासारखं.

“पाणी आणलं म्हणं,” आबा म्हणाले. “बघू तरी कसली नदी हाये.”

आईने बाटली अजून उघडलीही नव्हती. तिने ती आणून दिली. आबांनी झाकण काढलं, तळहातावर पाणी घेतलं, डोक्याला लावलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा डोळ्यांना लावून डोक्यावर सोडलं. पांढऱ्या केसांमधून ते कपाळावर उतरलं. आई आपोआप डोक्यावर पदर ओढून घेऊन उभी होती.

माझी जीभ गप्प बसणारी नाही. “आबा,” मी म्हणाले, “यार्देन डोक्यावर घेतली तुम्ही. आता दुसरे झालात का? वळखू का आम्ही?”

वडील “अगं” म्हणाले. आबा रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते आईकडे वळले. “सूनबाई, तुला काय वाटतं?”

इतक्या वर्षांत त्यांनी तिला चहा दे, पाणी दे म्हटलं होतं, पोराबाळांची खबर विचारली होती. तुला काय वाटतं, असं पहिल्यांदाच विचारलं. आईने टॉवेल त्यांच्यासमोर धरला.

“तुम्ही तेच आहात, आबा,” ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. “आणि उद्या ही उतरली तर?”

आबा लई वेळ डोकं पुसत राहिले. केस कोरडे झाले तरी पुसत होते.

“तवा मला आधी सांगा,” ते म्हणाले. “काठावर येऊन हुबा ऱ्हाईन. पोरीचा पाय लई सरकतो.”

आईने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. लाटण्याचा आवाज येईना, रडण्याचा येत होता. मी अजून उतरलेली नाही, उतरेन की नाही मला ठाऊक नाही. त्या दिवशीही आई आणि आबांनी मला न विचारताच माझ्याबद्दल ठरवून टाकलं, पण दोघांनी मिळून ठरवलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून गप्प बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या.