फ्लेक्सवरचं माझं तोंड

"तोंड उघड. अजून. अजून उघड, लाजतेस काय?"

बाईंच्या एका हातात माईक. दुसऱ्या हातानं त्यांनी माझी हनुवटी धरलेली.

फैजपूरजवळच्या केळीच्या शेडमध्ये आम्ही बायका काम करतो. घडाच्या फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, खोक्यात भरायच्या. त्या दिवशी काम थांबवून आम्हाला रांगेत बसवलं होतं. शहरातल्या एका महिला मंडळाचं दातांचं शिबिर होतं. माईकवाल्या बाई मंडळाच्या अध्यक्षा. मला पाचवा महिना होता.

सोबतच्या तरुण डॉक्टरनं माझ्या हिरडीला नुसती काडी लावली. लगेच रक्त आलं.

"कुठल्या वस्तीतली तू?" बाईंनी विचारलं.

"विहाराजवळची."

"हं," त्या म्हणाल्या. नुसतं हं. ते हं मी शाळेपासून ओळखते.

"दात घासतेस?"

"घासते."

"खोटं बोलू नको."

मग माईकमध्ये, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं, "बघा बायांनो. या लोकांना किती सांगा. ढोरं धुतील, पण तोंड धुणार नाहीत. आणि हीच घाण आता बाळाला देणार!"

बायका हसल्या. सगळ्या नाही. पण माझ्या डब्यातलं कालवण खाणारीही हसली. डॉक्टर खाली बघत राहिला.

फोटोवाला म्हणाला, "तसंच धरा, मॅडम." बाईंनी हनुवटी सोडली नाही. लाळ आणि रक्त हनुवटीवरून पदरावर गळत होतं. पुसायला हात उचलला, तर त्यांनी तो खाली दाबला. फोटो झाला. मग त्यांनी माझ्या हातात एक ब्रश दिला.

मी थँक्यू म्हटलं.

हो. मीच म्हटलं. पदरावर रक्त असताना.

का म्हटलं? कारण बाई खरं बोलतात असंच मला वाटलं होतं. तिसऱ्या महिन्यापासून ब्रश लावला की रक्त यायचं. मी घाबरले. ब्रश सोडला. सासूबाईंनी मिसरी दिली, म्हणाल्या, तंबाखूनं हिरडी घट्ट होते. मी बोटानं मिसरी लावत होते. म्हणजे मी घाण. म्हणजे बाळालाही घाण. हेच डोक्यात फिरत होतं. बसले तरी, उठले तरी, फण्या धुताना तरी.

दोन आठवड्यांनी गावच्या चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला कुणा गोऱ्या बाईचे पांढरे दात. दुसऱ्या बाजूला मी. नुसतं तोंड नाही, सगळा चेहरा. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, हिरड्या लालभडक. खाली लिहिलेलं, 'गर्भवतींनो, अस्वच्छता टाळा!' त्याखाली अध्यक्षाबाईंचा फोटो, हात जोडलेला.

माझे मालक केळीच्या गाड्या भरतात. त्यांना दुसऱ्या हमालांनी दाखवला. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आपण आता त्या रस्त्यानं जायचं नाही."

आम्ही मागच्या बाजूनं जायला लागलो. उकिरड्याजवळून. माझ्याच गावात. आठ दिवस गेले. पाय त्या वाटेनं चालत होते, पण जीव ठिकाणावर नव्हता. माझी चूक काय? चूक असेल तर ती सगळ्या गावाला दाखवायची? कुणाला विचारून?

तेवढ्यात शिंदखेड्याहून आई आली. तिला फ्लेक्सचं सांगितलं. तिनं पदर तोंडावर धरला. मग तिच्या अहिराणीत म्हणाली, "तू पोटमा व्हती तव्हय मन्हा बी हिरड्या सुजेल व्हत्यात. बठ्ठा दात हालाले लागनात. कोनले सांगंच नही मी. लाज वाटे."

आईच्या तोंडात समोरचे चार दात नाहीत. मला वाटायचं, वयानं गेले. वयानं नाही. लाजेनं गेले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन जळगावला सरकारी दवाखान्यात गेले. दातांच्या खोलीत एक डॉक्टरबाई होत्या. माझ्याहून लहानच असतील. त्यांनी आधी विचारलं, "ताई, बघू का?"

बघू का! मला रडायलाच आलं.

"हे गरोदरपणात पुष्कळ जणींना होतं," त्या म्हणाल्या. "अंगात बदल होतात, त्यानं हिरड्या फुगतात, जरा लागलं की रक्त येतं. तुमचं एक चुकलं. रक्त बघून ब्रश सोडलात. मग दातांवर थर साचला आणि सूज वाढली. मिसरी आजपासून बंद. ती बाळालाही वाईट. मऊ ब्रश घ्या, दोन वेळा, हलक्या हातानं. उलटी झाली की लगेच घासू नका. आधी चूळ भरा, थोडं थांबा."

"दात साफ केले तर बाळाला काही होईल?"

"नाही. हे मधले महिने त्यासाठी चांगलेच. दुखणं अंगावर काढू नका."

मी विचारलं, "बंगल्यातल्या बायकांनाही होतं हे?"

त्या हसल्या. "हिरडीला काय कळतं, बंगला की झोपडी?"

मग त्यांचे फोटो चौकात का नाहीत? हे मी त्यांना विचारलं नाही. ज्याला विचारायचं ते माणूस वेगळं होतं.

दात साफ करून घेतले. महिनाभरात सूज बरीच उतरली, रक्त कधीतरी ठिपक्याएवढं. आणि मंडळ परत शेडमध्ये आलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, ती बरी झाली म्हणून. अध्यक्षाबाई, फोटोवाला, या वेळी एक बातमीदारही. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, आमच्या शिबिरामुळे किती फरक पडला. हस गं. दात दाखव."

मी ओठ घट्ट मिटले.

"अगं, दाखव ना."

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. पोट हातात धरून उठले. आणि बोलले. "मॅडम, मी तुमच्या शिबिरानं बरी झाले नाही. सरकारी दवाखान्यात झाले. तो आजार होता, घाण नव्हती. तुम्ही मला न विचारता माझा फोटो चौकात लावला. तो काढा. आणि माईकवर जे बोललात, ते चुकलं असं माईकवरच म्हणा."



"उपकाराची जाणीव नाही या लोकांना," बाई म्हणाल्या.

"ते 'या लोकांना'सुद्धा मागे घ्या," मी म्हटलं.

त्या गाडीत बसून गेल्या. शेडचे मुकादम, आबा म्हणतो आम्ही त्यांना, संध्याकाळी जवळ आले. "पोरी, उद्यापासून येऊ नको. शेठला वरून फोन आला." शिबिरात हसलेल्या बायकांतली एक माझ्यासोबत फाटकापर्यंत आली. पाचव्या दिवशी दवाखान्याचा पत्ता विचारायला घरी आली. तिला तिसरा महिना होता, तिच्याही हिरडीतून रक्त येत होतं. मी तिला घेऊन गेले.

फ्लेक्स काढा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक म्हणाले, "कशाला वाढवता, बाळंतपण जवळ आलंय." मी अर्जावर पोचेचा शिक्का मारून घेतला, तेव्हाच उठले. फ्लेक्स उतरला. माफी आली नाही.

मुलगी झाली. चांगली आहे. दुसऱ्या शेडमध्ये काम मिळालं. तिथल्या बायकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पोटुशी असाल आणि रक्त आलं तर ब्रश सोडू नका, लपवू नका, माझ्यासोबत चला. आणि न विचारता कुणी तोंडाला हात लावला, तर तो हात बाजूला करा.

मंडळाच्या नावानं दोन अर्ज झालेत. उत्तर नाही. सोमवारी तिसरा घेऊन जाते आहे. मुलगी कडेवर असेल. मला लेखी माफी पाहिजे. अर्जाखाली सही माझी आहे, पूर्ण नावाची. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही, तर चौथा लिहीन.