मागचं टोक

प्रयोगशाळेत निष्कर्ष कमी साठतात, किस्सेच जास्त. निष्कर्ष मी दहा-दहा वेळा तपासले, तरी खात्री झाली नाही. किस्से तपासून मागायला कुणी येत नाही. लातूरच्या आमच्या कॉलेजातले हे किस्से दुष्काळाच्या वर्षातले. चूक असेल तर माझ्या आठवणीची.

*

पेशी कशी सरकते, ते मी शिकवत होतो. "तिला पाय नसतात. आत काही प्रथिनं निरोप्याचं काम करतात. एक सांगतं, पुढचं टोक पसर. दुसरं सांगतं, मागचं आवळ, सोडव. निरोप पोचला की आकार बदलतो, पेशी सरकते."

दाराशी आमचे लॅब अटेंडंट शिवप्पा उभे होते. ते उदगीरचे. उदगीर जिल्हा होणार, ही बातमी ते दर सोमवारी आणायचे.

"सर, एवढ्याशा पेशीला निरोप पोचायलाय, अन् आमच्या जिल्ह्याचा वर कुणालाच पोचंना!"

*

डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली काढायची, तर यंत्र थंड ठेवायला चार बादल्या वाहून जायच्या. तेही टँकरचं पाणी! शिवप्पांनी त्या वाहून जाणाऱ्या पाण्याची नळी खिडकीबाहेर काढली. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या.

मला धास्ती. मी कागद चिकटवला : "हे पाणी बहुधा वापरण्यायोग्य आहे."

दुसऱ्या दिवशी 'बहुधा' खोडलेलं होतं.

"बाया घाबरायल्यात, सर," शिवप्पा म्हणाले. "तहानेला बहुधा चालत न्हाई."

*

सुजाता लोहा गावची, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. मागचं टोक सोडवणारं प्रथिन तिनं बंद पाडलं. पुढचं टोक निघालं, मागचं चिकटूनच. पेशी दोऱ्यासारखी ताणलेली.

मी म्हणालो, "पाण्यात दोष असेल. पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. चार वेळा.

"सर, पाणी बदललं, पेशी बदलल्या. शंका तेवढी तीच हाय."

*

तिला बेंगळुरूला संशोधनाची जागा मिळत होती. निष्कर्ष खरे आहेत, असं माझ्या सहीचं पत्र हवं होतं. पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. मी रोज वाचायचो. एक स्वल्पविराम काढायचो, दुसऱ्या दिवशी परत घालायचो.

शिवप्पा तिला म्हणाले, "ताई, सरांना सही करायला कोणतं प्रोटीन लागतंय, तेवढं शोधा की!"

ती हसली नाही.

*

पत्र पाठवायचा शेवटचा दिवस. दुपारी मी पुन्हा तिच्या टेबलाशी गेलो. ती मायक्रोस्कोपवर वाकलेली होती.

"एकदा अजून बघू या का?" मी म्हणालो. "समज, मागचं टोक सुटलंच नाही, तर?"

तिनं मान वर केली नाही.

"तुटून तेवढा तुकडा तिथंच राहतो, सर. पेशी जाते."

मी खिसे चाचपले. शिवप्पांनी पेन पुढं केलं. टोपण आधीच काढलेलं होतं.