आईचं घरकुल आणि माझं पासबुक

घरकुलाच्या पाहणीला माणूस येणार म्हटलं की आमच्या वस्तीत घरं गरीब करायची घाई उडते. शेजारच्या काकूंनी तर पंखा उतरवून गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. आमच्या आईला ते जमलं नाही. वादळात पत्रे उडाल्यापासून आम्ही दोघी ताडपत्रीखाली राहत होतो, तरी तिने ओटा सारवला, शेजारून मागून आणलेली खुर्ची पुसली आणि भाऊसाहेबांना, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांना, साखर जास्त घालून चहा दिला.

त्यांना हवं होतं फक्त आईचं पासबुक. आईने डब्यातून माझंही काढलं.

"ह्ये माझ्या पोरीचं. बीएडच्या फीला साठवतेय. कुनापुढं हात पसरला न्हाय तिनं."

आमच्या वस्तीत बाया दागिने मिरवत नाहीत, कारण ते नसतातच. त्या पोरांची गुणपत्रकं मिरवतात. आईकडे त्या दिवशी मिरवायला पासबुक होतं. त्यात माझे दोन वर्षांचे शनिवार-रविवार होते, दिवेआगरच्या एका होमस्टेत पाहुण्यांसाठी मोदक वळण्यात गेलेले. भाऊसाहेबांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. एवढ्या बारकाईने त्यांनी आमची ताडपत्री पाहिली नव्हती.

"रेशनकार्ड एकच ना तुमचं? मग ही कुटुंबाची शिल्लक झाली. तुम्हाला गरजू कसं दाखवू?"

चहा मात्र त्यांनी संपवला.

आदल्या वर्षी गावातल्या एका दुमजली बंगल्यातल्या म्हातारीला घरकुल मिळालं होतं. तिच्या मुलाच्या दोन गाड्या मुंबई-मुरुड धावतात, पण मुलगा वेगळ्या कार्डावर. त्यामुळे म्हातारी कागदावर निराधार, आणि दुपारी सुनेच्या हातचं पापलेट खाऊन झोपाळ्यावर बसलेली. तिच्या घरकुलात आता गाड्यांचे टायर राहतात.

मुलांची शिल्लक आईच्या नावावर मोजायची, हा नियम कुठे लिहिलाय ते दाखवा, म्हणून मी पंचायतीत गेले. नियम वरून आलाय, म्हणाले. वर म्हणजे तालुक्याला गेले, तर तिथले म्हणाले की हे खालीच ठरतं. नियम बहुधा मधल्या एसटीत बसून होता. शेवटी भाऊसाहेबांनाच माझी दया आली. पैसे खर्चून टाक, नाहीतर आईच्या कार्डावरून नाव काढ, असा सल्ला त्यांनी दिला, आणि तोही फुकट.

मी पैसे पत्र्यांना घालू म्हटलं, तर आई भडकली. "तुझ्या फीचं छप्पर करून त्याखाली मी झोपू व्हय?"

मग मी मुरुडच्या मावशीच्या कार्डावर गेले. आईने स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं होतं की मुलगी माझ्यासोबत राहत नाही आणि तिच्या कमाईशी माझा काही संबंध नाही. तिने ते टायपिंगवाल्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "जेवायला येते, एवढं तरी लिवता येल का?" तो म्हणाला, मावशी, तसं लिहिलंत तर अर्ज परत येईल. तिने सही केली.

घरकुल मंजूर झालं. मजुरी वाचावी म्हणून रेती मीच वाहिली, विटा मीच भिजवल्या. अनुदानाच्या शेवटच्या हप्त्याआधी एक तरुण इंजिनिअर मोबाइल घेऊन फोटो काढायला आला. लाभार्थीने घरासमोर उभं राहायचं होतं. आई नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. मी तिच्या शेजारीच होते, हातात सिमेंटचं घमेलं.

"या कोण?" त्याने विचारलं. "घरात आणखी कोणी राहतं का?"

त्याने सहजच विचारलं असेल. पण हप्ता अडकला असता तर खिडक्या-दारं बसवायची राहिली असती आणि पावसाळा तोंडावर होता. माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "न्हाय सायेब. मी एकटीच. ही कामाला आलीय."

एवढं सफाईदार खोटं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. पण तो मोबाइल धरून थांबला होता, म्हणून मी घमेलं घेऊन बाजूला झाले.