दोन जबाबदार माणसं

लव्हॉन हॉगस्टॅड तोंडाची फटकळ होती, आणि ज्या धंद्यात तिची हयात गेली तिथे तेच शोभत होतं. उत्तर मिनेसोटातल्या क्वामी कंपनीचे फिरते संडास जत्रेत, लग्नात, रस्त्याच्या कामावर, गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या खोपटांशेजारी, जिथे म्हणून माणसं जमत तिथे उभे असत. ते नेऊन ठेवायला, उपसायला आणि धुवायला साठेक माणसं कामाला होती. त्यांचे पगार, रजा, विमा आणि रुसवेफुगवे सगळं लव्हॉनकडे. तिने दोन नवरे सोडले, पण ही नोकरी काही तिला सुटली नव्हती. येत्या उन्हाळ्यात मात्र निवृत्त व्हायचं तिने ठरवलं होतं. "माझं नाक सुट्टी मागतंय," असं तिने मालकाला, अर्विड क्वामीला, तोंडावर सांगितलंही होतं.

तेवढ्यात नवा नियम आला. एवढी माणसं ठेवणाऱ्या कंपनीने कुणाला आरोग्य विमा देऊ केला आणि कुणी घेतला, याचं माणशी एक विवरणपत्र दरवर्षी कर खात्याला द्यावं लागतं. लव्हॉन ती सगळी जाड पाकिटात कोंबून पोस्टात टाकत आली होती. आता पाकीट बंद. सगळं कॉम्प्युटरवरून पाठवायचं, आणि त्यासाठी आधी कंपनीतल्या दोन जबाबदार माणसांनी आपली ओळख पटवून एक नंबर मिळवायचा. ओळख पटवायची म्हणजे लायसन्सचा फोटो काढायचा आणि मग फोनसमोर तोंड धरायचं.

"दोन जबाबदार माणसं?" अर्विड म्हणाला. "या कंपनीत? कुठून आणायची?"

"एक मी आहे. दुसरा तू आहेस अशी सरकारला थाप मारू."

लव्हॉनचं तोंड फोनने पहिल्या फटक्यात ओळखलं. अर्विडचं काही केल्या ओळखेना. लायसन्सवरचा अर्विड गुळगुळीत होता आणि समोरच्या अर्विडची दाढी छातीवर रुळत होती. त्याची बायको मायर्ना होती तोवर तिने त्याच्या गालावर एक खुंट टिकू दिला नाही. ती गेल्यावर गावाला वाटलं, बिचारा दुःखाने दाढी वाढवतोय. चर्चमधल्या बायका वर बटाट्याच्या गोळ्या रचलेल्या हॉटडिश नावाच्या खिमा-भाजीच्या पदार्थाची भांडी त्याच्या घरी पोचवत राहिल्या. खरं काय ते फक्त लव्हॉनला ठाऊक होतं.

"काढ ती दाढी," ती म्हणाली.

"अजिबात नाही. अख्ख्या संसारात हिची वाट बघितली मी."

"मग बेव्हर्लीला फोन लाव. निम्मी कंपनी तिची आहे, तीही चालेल."

बेव्हर्ली ही अर्विडची धाकटी बहीण. हिवाळाभर ती ॲरिझोनात उन्हात पडलेली असे. मायर्नाच्या मयतीला, चर्चच्या तळघरात सगळे जेवत असताना, तिने डुकराच्या मांसाचं सँडविच उजेडाकडे धरून म्हटलं होतं, "हॅम एवढं पातळ कापलंय की पलीकडचे पाद्रीबाबा दिसतायत." तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नव्हते.

"तिला फोन करण्यापेक्षा मी मैल्याच्या टाकीत उडी मारीन," अर्विड म्हणाला.

"खुशाल मार. आधी तोंड दाखव, मग उडी मार."

दुसऱ्या दिवशी अर्विड दाढी काढून आला. कपाळ तांबूस आणि हनुवटी पांढरीफटक. आवारात ड्वेन नावाच्या ड्रायव्हरने टोपी काढून अदबीने विचारलं, "कुणाला भेटायचंय, साहेब?" अर्विड त्याच्याकडे न बघता थेट लव्हॉनच्या खोलीत शिरला आणि फोनसमोर छाती काढून बसला.

फोन म्हणाला, ओळख पटली नाही.

लव्हॉन हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मायर्ना गेल्यापासून तो अर्धा झाला होता. दाढीत ते इतके दिवस कुणाला दिसलंच नव्हतं.

"फोटोतले गाल तिच्या हातच्या जेवणाचे आहेत," अर्विड मोकळी हनुवटी चोळत म्हणाला. "ते आता कुठून आणू?"

लव्हॉनने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, बेव्हर्लीचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. खोलीबाहेर ती गेली नाही.

"कोण मेलं?" बेव्हर्लीने विचारलं.

"कुणी नाही. सरकारला एक जबाबदार माणूस हवाय."

"आणि तुला?"

"मला नंबर हवाय."

"मागताना काय म्हणायचं असतं, अर्विड?"

"प्लीज."

"मोठ्याने. इथे पोहण्याच्या तलावाशी फार कालवा आहे."

अर्विडने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉनने खिडकीबाहेर पाहिलं. मग तो म्हणाला, "हॅम पातळच होतं, बेव्ह. मायर्नाच सांगून गेली होती. माझ्या मयतीला गाव फुकटात चरवू नका, म्हणाली."

पलीकडे बेव्हर्ली जी हसत सुटली ती मधेच रडायला लागली. अर्विडने मान खाली घालून "बरं, बरं" एवढंच चालू ठेवलं. तासाभराने लव्हॉनने कंटाळून फोन काढून घेतला आणि ती म्हणाली, "बाई, आता नाक पूस आणि कॅमेऱ्यासमोर ये."

बेव्हर्लीची ओळख पटली. काही आठवड्यांनी नंबर आला, आणि लव्हॉनने नियमाप्रमाणे आधी खोट्या नावांची चाचणी फाईल पाठवली, मग खरी. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना खात्याचं उत्तर आलं, सगळं स्वीकारलं, फक्त दोन नावं जुळत नाहीत. ज्यांना सगळे 'बड' या टोपणनावानेच हाक मारत, त्या दोन कामगारांची होती ती. लव्हॉनने खिडकी उघडून आवारात हाक दिली, "दोन्ही 'बड' आपापलं खरं नाव घेऊन वर या!" त्यातल्या थोरल्याचं नाव क्लॅरेन्स असं आजोबांच्या काळातलं निघालं. ड्वेन जिन्यातच ऐकत उभा होता. त्या दिवसापासून क्लॅरेन्सला आवारात दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही.

वसंतात बेव्हर्ली परत आली आणि लव्हॉनच्या हाताखाली काम शिकायला बसली. रेडिओवर काय लावायचं यावरून ती नि अर्विड दिवसभर भिंतीतून एकमेकांवर ओरडत. जूनमधल्या एका शुक्रवारी लव्हॉनने तिला किल्ल्या दिल्या, निरोपाच्या केकचा तुकडा कागदात गुंडाळून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीआधीच निघाली. होडी गाडीमागे जोडलेलीच होती. तळ्यावर वॉलाय मासे गळाला लागायला लागले होते.